पाच नंबरची हवा

लवू राऊळ पोटासाठी हवा मोजतो. असं सांगितलं की लोक हसतात, आणि लवूलाही आता त्या हसण्याची सवय झाली आहे. दहिसरला त्याच्या बिल्डिंगमध्ये त्याला सगळे ‘हवावाले’ म्हणतात. सोसायटीच्या मीटिंगला उशीर झाला की कोणीतरी ओरडतंच, “आले बघा! सरका जरा, हवा येऊ द्या!” लग्न ठरवायला गेला तेव्हा सासऱ्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं, “हवा मोजता ते ठीक आहे हो, पण मोजून झाल्यावर ती ठेवता कुठे?” श्वेताने, म्हणजे आताच्या त्याच्या बायकोने, हसू दाबायला खोकल्याचं नाटक केलं होतं.

चेष्टा सोडा, काम खरं आहे. मुंबईच्या उपनगरात कुठेही मोठा प्रकल्प उभा करायचा, चाळी पाडून टॉवर, टॉवर पाडून आणखी उंच टॉवर, तर परवानगीच्या अर्जाला पर्यावरणाचा अहवाल जोडावा लागतो. आज इथली हवा कशी आहे, बांधकामाने ती किती बिघडेल आणि तेवढं बिघडलेलं नियमात बसतं का, हे त्यात लिहिलेलं असतं. अहवाल लिहिणारी माणसं अंधेरीच्या लॅबमध्ये एसीत बसतात. त्यांना हवा आणून देतो लवू. पत्र्याचं उतरतं छप्पर असलेली कंबरेएवढी पेटी टेम्पोतून उतरवायची, जिन्याने गच्चीवर चढवायची, आत पांढरा कागद बसवायचा आणि मोटर चालू करायची. मोटर चोवीस तास हवा ओढते, हवा कागदातून जाते, धूळ कागदावर राहते. कागदाचं वजन आधी करायचं, मग नंतर करायचं. वाढलं ती धूळ. शास्त्र एवढंच, बाकीचं सगळं टायपिंग.

बावीस वर्षं हे केल्यावर माणसाची नजर तयार होते. वजन करायच्या आधी नुसता कागद बघून लवू सांगायचा, हा वाकोल्याचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा काळपट राखाडी. हा माहुलचा, पिवळट, आणि नाकाशी धरला तर वास येणारा. हा कुठल्यातरी खोदकामाजवळचा, वरणावर हळद जास्त पडावी तसा. लॅबमधली नवी पोरं पैज लावायची आणि हरायची. लॅबचे मालक चंद्रप्रकाश सर पाहुण्यांना सांगायचे, “आमच्याकडे एक काटा दिल्लीहून आणलाय आणि एक कोकणातून.” लवू खाली मान घालून हसायचा, पण तो दिवसभर खुशीत असायचा.

ही नजर होती म्हणूनच पुढचं सगळं इतकं लागलं. एखाद्या अडाण्याच्या हातून झालं असतं तर आपण म्हटलं असतं, जाऊ दे, त्याला काय कळतं. लवूला कळत होतं हो!

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे, एका बिल्डरने मोठी जागा घेतली होती. आठ टॉवर, खाली दुकानं, वर बाग, नेहमीचंच सगळं. आजूबाजूच्या आठ ठिकाणी तीन महिने, आठवड्यातून दोनदा हवा मोजायची होती. नकाशावरचा पाच नंबरचा ठिपका पडला समर्थकृपा चाळीवर, आणि लवूचा चेहरा फुलला. तो त्याच चाळीत वाढला होता. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर इथेच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. आई आजारपणामुळे वर्षातले सहा महिने गावी असायची, आणि त्या सहा महिन्यांत लवूचं ताट शेजारच्या जानकीकाकीकडे मांडलेलं असायचं. काकी त्यांच्याच वाडीतली, खारेपाटणच्या अलीकडची. स्वतःच्या दोन पोरांबरोबर तिने ह्यालाही वाढवलं, बदडलं, शाळेत घातलं. पुढे पोरं आपापल्या वाटेने गेली, नवरा गेला, आणि काकी मालवणी मसाला करून विकायला लागली. मुलुंडपासून ठाण्यापर्यंत तिच्या मसाल्याला मागणी. माघ लागला की चाळीची गच्ची लालेलाल व्हायची.

“तुजी मशीन हयच ठेव,” काकी म्हणाली. “मी बघतंय तिच्याकडे. येताजाता चाय तरी पिशीत.”

विजेचा पॉइंट होता, गच्ची मोकळी होती, राखण फुकट होती आणि वर चहा. लवूने मशीन तिथेच लावलं. सकाळी येऊन कागद बसवायचा, फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद काढायचा, परत फोटो. मधले चोवीस तास तो बाकीच्या सात ठिकाणी पळत असायचा.

पहिले काही आठवडे पाच नंबरचा कागद चांगला मळायचा. आकडा एकशे अठरा, एकशे तेवीस. शंभरच्या वर गेलं की नियमाच्या बाहेर. मग अचानक कागद पांढरा यायला लागला. एकसष्ट, सत्तावन्न. लवूने कागद उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा बघितला. असा कागद त्याने बावीस वर्षांत मुंबईत पाहिला नव्हता. थांबायला हवं होतं ना त्याने? पण त्याचं मन तेव्हा मुलुंडमध्ये नव्हतंच. शिमगा तोंडावर आला होता. वडील जाऊन वर्ष सरलं होतं, दुखवटा संपून पहिल्यांदाच ग्रामदेवतेची पालखी गावच्या घरी येणार होती, आणि पालखी दारात येते तेव्हा घरचा कर्ता दारात उभा असावा लागतो. कर्ता आता लवू. खाडीवरून वारा येत असेल, असं म्हणून त्याने कागद पाकिटात घातला.

शेवटच्या फेरीच्या दिवशी त्याला दादरहून पूजेचं सामान आणायचं होतं, म्हणून तो रोजच्या वेळेआधी तासभर समर्थकृपाच्या गच्चीवर पोचला. मिरच्या पसरलेल्या होत्या आणि त्यांच्यावर जुन्या सुती लुगड्यांच्या पट्ट्या अंथरलेल्या होत्या. त्या चाळीत वाळवण उघडं कोणी ठेवतच नाही, तासाभरात धूळ बसते. आणि रांगेच्या टोकाला त्याचं मशीन. डोक्यावरून पायापर्यंत ओलं पांढरं लुगडं घेतलेलं, नव्या नवरीसारखं!

लवू बघतच राहिला. मागून काकी हातात पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“आज लवकर इलंस? थांब, काडतंय मी ता. तुका फोटो काडूचो आसता ना.”

“काकी, हे काय घातलंय?”

“लुगडा. सगळो धुरळो त्या भोकातसून आत जाय होतो रे. मोटर खराब झाली तर साहेब तुका बोलतलो. म्हणान मिरच्यांवर घालतंय तसा तेच्यावर पण घातलंय, पाण्याचो हात मारून. एक कण आत जावक नाय बघ!”

“कधीपासून?”

“मिरच्यो वाळत घातल्यापासून. झालो आसतलो महिनो.”

काकीच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की लवूला तिच्यावर ओरडता येईना आणि हसताही येईना. महिनाभराचे सगळे कागद बाद. खरं तर त्याने तिथल्या तिथे लॅबला फोन करायला हवा होता. मग सर म्हणाले असते, पाच नंबर परत कर, चार आठवडे. चार आठवडे म्हणजे शिमगा गेला, पालखी दारात येऊन बंद कडी बघून पुढे गेली. लवूने लुगडं बाजूला केलं, मशीनचा फोटो काढला, कागद पाकिटात घातला आणि काकीने दिलेला चहा उभ्याउभ्या प्यायला.

इथवर चूक होती, आणि ती काकीची, मायेपोटी झालेली. पुढची लवूची.

दोन दिवसांनी प्रियंकाचा फोन आला. ही अहवाल लिहिणारी मुलगी, कॉलेज संपवून नुकतीच लागलेली, फार हुशार. “लवूदादा, पाच नंबरचे आकडे एकदम पडलेत. निम्म्यावर आलेत. साइटवर काही झालं होतं का?”

बघा, देवाने दार उघडून दिलं होतं. नुसतं आत जायचं होतं.

“वारा फिरलाय मॅडम,” लवू म्हणाला. “मिठागराकडून येतो ना आता. मोकळी हवा आहे तिथे.”

“अच्छा! मग तसं लिहिते.” आणि तिने लिहिलं. लवू सांगतो म्हटल्यावर तिने संशय घ्यायचा तरी कशाला? चंद्रप्रकाश सरांनी वरून सांगितलं की आधीच्या आठवड्यांत समोर गटाराचं खोदकाम चालू होतं, ते मोठे आकडे बाजूला काढा, ते काही नेहमीचे नव्हेत. अशा रीतीने खरे होते ते आकडे गेले आणि लुगड्यातले राहिले.

लवू गावी गेला. पालखी आली, ढोल वाजले, सगळी वाडी अंगणात जमली. गावच्या म्हाताऱ्या मानकऱ्याने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्यो तुजो लेकरू मुंबैक ऱ्हवान खऱ्या वाटेन कष्ट करता, तेच्या कामधंद्याक यश दी रे म्हाराजा!” आणि सगळे एका आवाजात म्हणाले, “व्हय म्हाराजा!” लवूच्या तोंडातून तो ‘व्हय’ काही फुटला नाही. बायामाणसांना वाटलं, बापाची आठवण आली असेल.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं, हीच तर खरी रड आहे. टॉवर बांधायला सिमेंट आणि खडी कालवायचा मोठा प्लांट जागेवरच उभारायचा होता. तो पश्चिमेला, हमरस्त्याच्या बाजूला लावायचा की पूर्वेला, चाळीच्या बाजूला? गणित असं असतं: आहे ती धूळ, अधिक प्लांटची धूळ, बेरीज शंभरच्या आत. पश्चिमेला आधीच पंच्याण्णव होते. पूर्वेला, पाच नंबरला, साठ. अहवालात वाक्य आलं की पूर्वेकडच्या हवेत आणखी धूळ सामावून घ्यायला वाव आहे. आता बोला! ज्या शहरात माणसाला पाय ठेवायला जागा नाही, तिथे जागा सापडली कुठे, तर जानकीकाकीच्या गच्चीवरच्या हवेत. परवानगी मिळाली, आणि प्लांट चाळीच्या भिंतीपासून वीस पावलांवर उभा राहिला.

लवूला हे कळलं ते काकीच्या फोनवरून. “अरे, हय कायतरी मोठा यंत्र लावल्यानी हत. दिवसभर घरघर घरघर. तू वळखतस काय त्यांका?”

“नाही काकी,” लवू म्हणाला.

दोन वर्षं. पहिल्या वर्षी काकीच्या मिरच्या खरखरीत निघाल्या, मसाला दाताखाली कचकचला आणि गिऱ्हाइकांनी परत आणून दिला. ज्या बाईच्या मसाल्यावर चाळीस वर्षांत कोणी बोट ठेवलं नव्हतं, तिने तो परत आलेला मसाला स्वतःच्या हाताने गटारात ओतला. दुसऱ्या वर्षी गच्ची लाल झालीच नाही. तोवर काकीला खोकला लागला होता. आधी कोरडा, मग रात्रंदिवस, मग जिना चढताना मध्येच खाली बसायची. डॉक्टरने नाकातोंडावर लावायचा वाफेचा पंप दिला. खिडक्या बंद, दारं बंद, आणि आत काकी पंप लावून बसलेली.

लवू तिच्याकडे पूर्वी महिन्यातून एकदा जायचा, तो आता दर रविवारी जायला लागला. कधी फळं, कधी मास्क, कधी हवा साफ करायचं यंत्र. चाळीतल्या बायका म्हणायच्या, सख्खी पोरं फिरकत नाहीत, पण हा बघा! काकी आल्यागेल्याला सांगायची, “माजो लवू.” हे ऐकलं की लवूला तिथून उठून पळावंसं वाटायचं. तो बोलायचं ठरवून यायचा, अगदी जिन्यापर्यंत शब्द जुळवत यायचा, आणि काकी दार उघडून “जेवलंस काय रे?” म्हणाली की सगळं गिळून टाकायचा. कोडगा झाला होता म्हणा ना! तसं त्यालाच वाटायचं. कधी चिडायचा, तो काकीवरच: कोणी सांगितलं होतं हिला लुगडं घालायला? आणि असं मनात आल्याबद्दल पुन्हा स्वतःवर थुंकायचा.

श्वेताला त्याने एकदा सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

“तेव्हा का नाही बोललास?”

“शिमगा होता.”

“आणि आता बोलून काय होणार? नोकरी जाईल तुझी. लॅबची वाट लागेल. आणि सगळ्या चाळीला कळेल की काकीच्या लुगड्यामुळे हे झालं. ती म्हातारी आधीच श्वास मोजून घेतेय रे, तिला आणखी हे ओझं द्यायचंय तुला? तू नक्की कोणासाठी बोलणार आहेस, तिच्यासाठी की स्वतःला बरं वाटावं म्हणून?”

खरं सांगायचं तर श्वेताच्या त्या प्रश्नाच्या आड लवू पुढचे चार महिने मजेत लपून बसला. काकीला त्रास नको, म्हणून गप्प. काय सोय झाली!

मग बिल्डरने दुसऱ्या टप्प्याचा अर्ज केला. आणखी चार टॉवर, प्लांट दुप्पट मोठा, आणि आणखी पाच वर्षं. अर्जाला हवेचे तेच जुने आकडे जोडले होते. ह्या वेळी समर्थकृपा जागी झाली. चाळ कमिटीचा सेक्रेटरी दत्ताराम, तोंडाने फटकळ पण कामाला चोख माणूस, त्याने हरकतीचा अर्ज तयार केला. त्यात पहिलं नाव जानकीकाकीचं, सोबत तिच्या छातीचे फोटो आणि डॉक्टरांचे कागद. तिच्या कागदांवरच सगळी हरकत उभी होती, बाकी नुसती तक्रार.

चंद्रप्रकाश सरांनी लवूला केबिनमध्ये बोलावलं. “लवू, त्या चाळीत तुझी ओळख आहे ना? रविवारी त्यांची मीटिंग आहे. जाऊन जरा समजाव त्यांना. आकडे तुझेच आहेत, तू मोजलेस, तू सांगितलंस की विश्वास बसेल. लोकांना कसं, आपल्या माणसाचं पटतं.”

लवू “हो सर” म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. तीसचाळीस माणसं होती. भिंतीला टेकून काकी बसली होती, मांडीवर पंपाची पिशवी. लवू आत आला तसं तिने बाजूची जागा हाताने झाडून दिली. “हडे बस, माज्याकडे.” लवू बसला.

दत्तारामने सरळ तोफ डागली. “लवू, तू आमचा माणूस आहेस म्हणून नीट विचारतो. ह्यांच्या कागदात लिहिलंय की प्लांट यायच्या आधी इथली हवा साठ होती, एकदम झकास. म्हणजे प्लांटची धूळ धरून पण आम्ही नियमात बसतो. हा आकडा तू दिलास?”

“हो,” लवू म्हणाला.

“तू स्वतः मोजलास?”

“मशीन मी लावलं होतं.”

खोलीत कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, “मॅनेज झालाय साला.” आणि तिथे जानकीकाकी उसळली.

“कोण बोललो ता? समोर येवन बोल! ह्या झिलाक मी वाढवलंय. लवू खोटा मोजूचो नाय, माका म्हायती आसा.” तिला खोकल्याची उबळ आली. सगळे थांबले. ती शांत झाली, डोळे पुसले, आणि सावकाश म्हणाली, “दत्ताराम, माजा नाव काड त्या कागदातसून.”

“काय बोलता काकी! तुमच्या नावाशिवाय ह्या अर्जात उरतं काय?”

“लवून मोजल्यान म्हणजे हवा बरी आसा. माज्याच छातीत काय ता आसतला. सगळो जल्म मिरच्यो कांडण्यात गेलो, ती पूड खय जातली? डॉक्टरपण तसाच म्हणा होतो. उगाच दुसऱ्यावर आळ कित्याक घालू?” आणि ती लवूकडे वळली. “व्हय की नाय रे?”

लवूने तिच्याकडे बघितलं. तिने खरंच विचारलं होतं. त्याने मान हलवली असती तर तिने ते धरून ठेवलं असतं, पुढे जेवढं आयुष्य होतं तेवढं स्वतःच्या मिरच्यांना दोष देत काढलं असतं. दत्तारामने पेन उघडलं होतं. नाव खोडायला तो कागदावर वाकला होता.

“थांबा,” लवू म्हणाला. “नाव काढू नका. तो आकडा खोटा आहे.”

दत्तारामने मान वर केली.

“मशीनवर कपडा होता. ओला. महिनाभर. सगळी धूळ बाहेरच अडली, म्हणून साठ आले. खरे एकशेवीस होते. कपडा मी टाकला होता. मशीन खराब होईल म्हणून.”

एवढं तरी आपण करू शकतो, असं त्याला वाटलं होतं. लुगड्याचं पाप आपल्या अंगावर घ्यायचं. शेजारी हालचाल झाली.

“खोटा कित्याक बोलतस?” काकी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “लुगडा मी घातलंय.” तिने सगळ्यांकडे बघितलं. “मी घातलंय रे. माका काय म्हायती, धूळ जावकच होयी होती म्हणान. माका वाटला, मशीन मळात.” हिशेब तिच्या डोक्यात उलगडत होता आणि लवूला तो चेहऱ्यावर दिसत होता: लुगडं, आकडा, प्लांट, खोकला. तिचा हात नकळत छातीवर गेला. श्वेता हेच म्हणत होती. लवूला वाटलं, संपलं, आता ही मोडून पडेल.

पण काकीचं मन लुगड्यावर थांबलंच नाही. ती पुढे गेली.

“तुका कधी कळला?”

ह्यावर खोटं बोलता आलं असतं. आत्ता, परवा, अहवाल वाचल्यावर. काहीही चाललं असतं.

“त्याच दिवशी,” लवू म्हणाला. “मी लवकर आलो होतो, तेव्हा.”

“शिमग्याच्या आदी?”

“हो.”

“प्लांट येवच्या आदी.”

“हो, काकी.”

बाहेर रविवार असूनही प्लांटची घरघर चालू होती.

“माका तेव्हाच सांगूचा होता,” काकी शेवटी म्हणाली. “लुगडाच ता. काडून ठेवलं आसतंय.”

लवू रडला, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा हुंदके देत. त्याला वाटलं होतं, काकी पाठीवर हात ठेवेल. लहानपणी मारल्यावरही तीच ठेवायची. हात आला नाही. काही वेळाने त्याने डोळे उघडले तर काकी पंपाची पिशवी आवरत होती.

दत्तारामने कोरा कागद पुढे केला. “लिहून दे. तारखेनिशी, आणि मॅडमला फोनवर काय सांगितलंस तेही.” लवूने लिहिलं. मशीन, लुगडं, महिना, फोन, वारा फिरल्याचं वाक्य. खाली सही केली. साक्षीदार म्हणून दत्तारामने सही केली आणि कागद काकीकडे दिला. काकीने चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, जानकी विष्णू राणे. हा कागद गेला की नवीन मोजणी होईपर्यंत दुसरा टप्पा थांबणार, हे लवूला माहीत होतं. आपल्याला उद्या लॅबच्या गेटवरूनच परत पाठवतील, हेही माहीत होतं. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

लोक उठले. लवूने काकीला हात धरून उठवायला हात पुढे केला, तर ती भिंत धरून आपली आपण उठली. तिच्या खोलीच्या दारापर्यंत तो मागे मागे गेला. ती आत गेली. त्याने उंबऱ्याच्या बाहेरूनच, निघताना नेहमी म्हणायचा तसं म्हटलं, “येतंय, काकी.”

इतकी वर्षं ह्यावर एकच उत्तर यायचं, “ये हां, सांबाळून जा.”

काकीने वळून बघितलं.

“या,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.